चौकाच्या अलीकडे की पलीकडे? बसथांब्याची जागा ठरवताना

महापालिकेच्या पथ विभागात नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींच्या टेबलावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक फाइल येतेच: अमुक चौकातला बसथांबा हलवावा. आत सोसायटीवाल्यांचं सह्यांचं पत्र असतं, 'वाहतुकीस अडथळा' असा वाहतूक शाखेचा शेरा असतो आणि नकाशाच्या प्रिंटवर कुणीतरी लाल पेनने मारलेली फुली असते. फुली कुणी मारली आणि तिथेच का मारली, हे फाइलमध्ये कुठेच नसतं. माझी पहिली फाइल दुसऱ्या एका शहरातली होती, नाव घेत नाही. मी त्या फुलीवर विश्वास ठेवला. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

हा लेख त्या नव्या मुलांसाठी आहे, आणि पत्रावर सह्या करणाऱ्यांसाठीही. उदाहरणं बहुतेक पुण्यातली घेते, कारण तिथले चौक पायाखालचे आहेत.

पुण्यात बस पीएमपीएमएलची (पुणे महानगर परिवहन महामंडळाची), रस्ता आणि फुटपाथ महापालिकेचा, आणि कोंडीची ओरड वाहतूक पोलिसांच्या माथी. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र झाल्यापासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे बसवाले एकच, रस्त्याचे मालक मात्र दोन. या सगळ्यांच्या मनातली 'योग्य जागा' वेगवेगळी असते. पोलिसांना थांबा चौकापासून जितका लांब तितका बरा वाटतो. चालकाला बस सहज लावता आणि काढता येईल तिथे हवा असतो. प्रवाशाला तो चौकाच्या नाकावर हवा असतो, आणि माझ्या मते प्रवाशाचंच बरोबर आहे. माणसं चौकात चारही बाजूंनी येतात. थांबा दोनशे मीटर आत ढकलला की तीन बाजूंच्या लोकांची पायपीट वाढते, आणि ज्याला उतरून आडव्या रस्त्यावरची दुसरी बस पकडायची असते त्याला तर दोन्हीकडून चालावं लागतं. तेव्हा थांबा चौकापाशीच राहणार, हे आधी मान्य करून टाका. मग प्रश्न उरतो तो अलीकडे की पलीकडे, एवढाच.

आधी शब्द नीट वापरा

बस जिकडे चालली आहे तिकडे तोंड करून उभे राहा. सिग्नलच्या आधी थांबा असेल तर तो अलीकडचा, सिग्नल ओलांडल्यावर असेल तर पलीकडचा, आणि दोन चौकांच्या साधारण मध्यावर असेल तर मधला. 'चौकाजवळ' किंवा 'मेडिकलसमोर' असं टिपणीत लिहू नका. चार रस्त्यांच्या चौकात प्रत्येक रस्त्याच्या दोन कडा धरल्या तर थांब्याच्या आठ जागा निघतात, आणि 'चौकाजवळ' म्हणजे त्यातली कुठलीही असू शकते. जाणारी आणि येणारी बाजू वेगळी लिहा आणि प्रत्येकीचा निर्णयही वेगळा घ्या. एका बाजूला पलीकडचा योग्य ठरला म्हणून समोरच्या बाजूलाही तोच ठरेल असं नाही.

काहीच माहिती हातात नसेल तर पलीकडचा धरून चालायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे 'पलीकडे नको' म्हणायला सबळ कारण सापडतं का, याचा शोध.

पायरी १: बस चौकानंतर कुठे जाते?

जागेवर जाण्याआधी त्या चौकातून जाणारे सगळे मार्ग कागदावर उतरवा. मार्ग क्रमांक, दिशा, तासाला किती फेऱ्या, आणि चौकात बस सरळ जाते, डावीकडे वळते की उजवीकडे. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मा निर्णय इथेच होतो.

सरळ जाणाऱ्या बससाठी पलीकडची जागा. उजवीकडे वळणाऱ्या बससाठी वळून झाल्यावर, त्या नव्या रस्त्यावर पलीकडे. उजवीकडे वळणाऱ्या बसचा थांबा सिग्नलच्या तोंडाशी अलीकडे ठेवला तर काय होतं ते एकदा बघाच. बस डाव्या कडेला लागते, माणसं घेते आणि मग तिला सगळ्या लेन आडव्या कापत उजवीकडे जायचं असतं. मागून येणाऱ्या प्रत्येकाला हॉर्न वाजवावासा वाटतो, आणि तेवढ्यात सिग्नल लाल होतो. अशा मार्गाला अलीकडचा थांबा द्यावाच लागला तर तो सिग्नलपासून चांगला मागे घ्या, रस्ता जितका रुंद तितका जास्त मागे.

डावीकडे वळणाऱ्या बसला वळल्यानंतर लगेच थांबा देऊ नका. बारा मीटरची बस वळल्यावर सरळ व्हायला जागा लागते. ती मिळाली नाही तर पुढचं दार फुटपाथला लागतं आणि शेपूट रस्त्यात तिरकी राहते. मागच्या दारातल्या आजींना मग रस्त्यावरच उतरावं लागतं.

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात ती गोष्ट: मार्ग फुटतात किंवा मिळतात तो चौक. पौड फाटा घ्या. डेक्कनकडून कर्वे रस्त्याने आलेल्या बसेसपैकी काही इथून पौड रस्त्याला लागून कोथरूड डेपोकडे जातात, काही कर्वे रस्त्यानेच कर्वे पुतळ्याकडे, वारज्याकडे. परतीच्या प्रवाशाचा विचार करा. त्याला डेक्कनला जायचंय, कुठलीही बस चालेल. थांबे फाट्याच्या आधी दोन वेगवेगळ्या रस्त्यांवर असतील तर त्याला एक रस्ता निवडून उभं राहावं लागतं, आणि तो इकडे उभा असताना नेमकी तिकडून बस निघून जाते. तेच, दोन्ही रस्ते एक झाल्यानंतर थांबा असेल तर मिळेल ती बस त्याची. म्हणजे मार्ग जिथे मिळतात तिथे थांबा पलीकडे हवा. उलट दिशेने, जिथे मार्ग फुटतात, तिथे तो अलीकडे, अजून सगळ्या बसेस एकाच रस्त्यावर आहेत तोवर. त्यामुळे उतरणाऱ्याला कुठल्याही बसने येता येतं, आणि कोथरूडच्या बसमधून उतरून वारज्याची पकडणाऱ्याला रस्ता ओलांडावा लागत नाही. दोन्ही दिशांचं सूत्र एकच: थांबा सामाईक रस्त्याच्या बाजूला. अलीकडचा थांबा मी बिनतक्रार मान्य करते अशी पहिली जागा ही.

पायरी २: सिग्नलशी हिशेब

आता माझ्या पहिल्या फाइलकडे येते. फुली होती सिग्नलच्या अलीकडे, स्टॉप लाइनपासून साधारण पंचवीस मीटर मागे. जागा रुंद, फुटपाथ चांगला, झाडाची सावली. स्टीलची शेड उभी राहिली. पहिल्याच सोमवारी सकाळी नऊला गेले तर शेडमध्ये दुधाचे रिकामे क्रेट आणि दोन स्कूटर होत्या. बस होती शेडच्या बरीच मागे, लाल सिग्नलला लागलेल्या गाड्यांच्या रांगेत अडकलेली. आतले प्रवासी दारावर थापा मारत होते. चालकाने शेवटी तिथेच दार उघडलं आणि माणसं रिक्षा-मोटारसायकलींमधून वाट काढत फुटपाथकडे गेली. सिग्नल हिरवा झाला, बस पुढे सरकून शेडपाशी आली, आणि तिथे वाट बघणाऱ्यांना घेईपर्यंत पुन्हा लाल. एकाच चौकात दोन लाल.

अलीकडच्या थांब्याचा मुख्य दोष हाच. गर्दीच्या वेळी गाड्यांची रांग थांब्याच्या मागेपर्यंत जात असेल तर बस थांब्यावर पोचतच नाही. शिवाय थांबलेली बस डावीकडे वळणाऱ्यांना अडवते. सिग्नल हिरवा आहे, पण डावी लेन बसने बंद, मग स्कूटरवाले उजवीकडून बसला वळसा घालून तिच्या तोंडासमोरून डावीकडे घुसतात. त्यातच बसमधून उतरलेला माणूस बसच्या पुढून झेब्रावर पाऊल टाकतो. त्याला उजवीकडची स्कूटर दिसत नाही आणि स्कूटरवाल्याला तो दिसत नाही.

पलीकडच्या थांब्यावर लाल सिग्नलला थांबायचं ते आधीच थांबून होतं. बस चौक ओलांडते, कडेला लागते, आणि उतरलेली माणसं बसच्या मागच्या झेब्राकडे वळतात. निघतानाही सोपं: मागचा सिग्नल लाल असतो तेव्हा रस्त्यात खंड पडतो आणि बसला त्यात शिरता येतं.

पलीकडच्या थांब्यालाही एक जागा दुखरी आहे, आणि ती म्हणजे शेपूट. थांब्यावर एक बस उभी असताना दुसरी आली आणि तिला जागा नसेल, तर ती झेब्रावर किंवा थेट चौकात उभी राहते आणि आडवी वाहतूक बंद. म्हणून हिशेब करा. समजा तासाला ४० बसेस येतात आणि प्रत्येक बस सरासरी ३० सेकंद थांबते. म्हणजे तासातली २० मिनिटं थांबा भरलेला असतो. बसेस कशाही येत असतील तर साधारण दर तिसऱ्या बसला पुढे एक उभी सापडणार. एका बसची जागा इथे पुरणार नाही, दोनची हवी. आणि बसेस कशाही येत नाहीत: सिग्नल त्यांना अडवून एकदम सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात गर्दी या हिशेबापेक्षा जास्तच होते. थांबण्याचा वेळ चाकं थांबल्यापासून चाकं हलेपर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. वेळापत्रकावरून काढू नका. फेऱ्या फारच जास्त असतील तर थांबा दोन भागांत तोडा, मार्ग वाटून द्या आणि मधे एका बसभर जागा सोडा.

एकेरी आडव्या रस्त्यांची गंमत वेगळी. आडव्या रस्त्याची वाहतूक बसच्या डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर बसच्या रस्त्यावरून डावीकडे कुणी वळूच शकत नाही, म्हणजे अलीकडच्या थांब्याचा एक मोठा दोष गेला. उलट त्या आडव्या रस्त्यावरून येणारे डावीकडे वळून नेमके पलीकडच्या थांब्याच्या जागेत येतात. इथे अलीकडचा बरा. वाहतूक उजवीकडून डावीकडे असेल तर चित्र उलटतं आणि पलीकडचा जिंकतो. नकाशावर बाण काढल्याशिवाय हे ठरवू नका. मी अजूनही काढते.

पायरी ३: दोन तास उभं राहा

एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. फोटो काढून पळू नका. वहीत तीनच गोष्टी लिहा: बस प्रत्यक्षात कुठे थांबते, उतरलेला माणूस कुठल्या बाजूला जातो, आणि रस्ता कुठे ओलांडतो. बोर्ड आहे तिथे बस थांबत नसेल तर चालकाला दोष देण्याआधी कारण शोधा. मी एकदा एका चालकाला विचारलं, कडेला का घेत नाही? तो म्हणाला, "मॅडम, घेतो की. पण कडेला रिक्षा असते, मग बस हातभर लांब राहते. त्या फटीतून टू-व्हीलर घुसते, उतरणाऱ्याच्या अंगावर. त्यापेक्षा इथं रस्त्यात थांबवतो, निदान सगळे थांबतात." त्या एका उत्तराने अख्खा आराखडा बदलला. बससाठी फुटपाथ आत कापून खोबणी करायचं ठरलं होतं. अशी खोबणी दोन दिवसांत रिक्षा आणि टेम्पोंनी भरते, आणि भरली नाही तरी आत गेलेल्या बसला पुन्हा रस्त्यात कुणी घेत नाही. आम्ही उलट केलं. थांब्यापुरता फुटपाथच रस्त्यात पुढे आणला, म्हणजे बस लेनमध्येच थांबणार आणि बस व फुटपाथ यांत फट राहणार नाही. बसच्या मागचे थोडे थांबतात. थांबू देत. बसमध्ये पन्नास माणसं असतात.

लोक आत्ता जिथे उभे राहतात ती जागा म्हणजे एक मत समजा, निकाल नव्हे. कधी ते तिथे उभे राहतात कारण तिथे सावली आहे, कधी फक्त खांब तिथे आहे म्हणून. पण चौकाच्या एका कोपऱ्यावर रुग्णालयाचं फाटक, शाळा किंवा मेट्रोचा जिना असेल, तर त्या कोपऱ्यावरचा थांबा एक रस्ता ओलांडणं वाचवतो, आणि तेवढ्यासाठी मी अलीकडचाही स्वीकारते. हात धरून नेल्याशिवाय ज्यांना रस्ता ओलांडता येत नाही त्यांच्यासाठी बसचा एखादा सिग्नल गेला तरी चालेल.

परतीचा थांबा कुठे, हेही बघा. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता दोन्ही एकेरी. सकाळी ज्या रस्त्यावर उतरलात त्या रस्त्यावर परतीची बस येतच नाही, ती जोडीच्या दुसऱ्या रस्त्यावर. अशा जोडरस्त्यांवर दोन्ही थांबे एकमेकांना जोडणाऱ्या गल्लीच्या तोंडापाशी ठेवा आणि थांब्यावर एक बाण लावा, नाहीतर नवा माणूस तासभर चुकीच्या बाजूला उभा राहतो.

बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेवरचे, थांबे रस्त्याच्या मधोमध असतात आणि तिथे बसचं दार उजवीकडे उघडतं. डाव्या वळणाचा प्रश्न तिथे नाही. पण प्रत्येक प्रवाशाला थांब्यावर जायलाच अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. तिथे थांबा झेब्राला चिकटून हवा, बाकी सगळं नंतर.

पायरी ४: टेप आणि खडू

जागा ठरली की फुटपाथच्या कडेने मोजा. पलीकडच्या थांब्यासाठी झेब्राच्या शेवटापासून सुरुवात करा. मी साधारण दहा मीटर मोकळे सोडते, मग मागच्या बसचे बारा, मधे तीन, पुढच्या बसचे बारा. एकूण ३७ मीटर. खांब लावायचा तो या ३७ व्या मीटरवर, पुढच्या बसचं तोंड जिथे येईल तिथे. लोक खांब झेब्राजवळ लावतात, चालक प्रामाणिकपणे खांबापाशी थांबतो आणि शेपूट चौकात राहते. चूक खांबाची असते.

मधल्या थांब्याला सगळ्यात लांब कड मोकळी लागते, कारण बसला शिरायलाही जागा हवी आणि निघायलाही. पलीकडच्या थांब्यावर शिरायची जागा चौक देतो, अलीकडच्यावर निघायची. पार्किंग काढण्यावरून दुकानदारांशी भांडण होणार असेल तर हा मुद्दा कामाला येतो. बसथांब्याजवळ गाडी लावायला मोटार वाहन नियमांत बंदीच आहे, पण नियम दाखवण्यापेक्षा 'मधे नेला तर तुमची जास्त पार्किंग जाईल' हे लवकर समजतं.

मग खाली बघा. दोन्ही दारांच्या समोर काय येतंय? झाकण खचलेलं चेंबर, महावितरणचा डीपी, झाडाचा ओटा, कुणाच्या तरी पार्किंगचा उतार. प्रत्येक दारासमोर व्हीलचेअर वळेल इतकी सपाट जागा हवी. शेडच्या पुढे किंवा मागे चालायला सलग वाट राहिली पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेप्रमाणे ती किमान १.८ मीटर. तेवढी उरत नसेल तर शेड बारीक करा, वाट नाही.

शेडबद्दल एकच गोष्ट, पण ती अगदी हट्टाने सांगते. जाहिरातीचा फलक बस येते त्या बाजूला लावू देऊ नका. जाहिरातदाराला तीच बाजू हवी असते, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांना ती दिसते. पण मग बाकड्यावर बसलेल्यांना बसचा नंबर दिसत नाही, सगळे उठून रस्त्यात उतरून वाकून बघतात, आणि शेड रिकामी.

रिक्षावाले येणारच. त्यांना जागा दिली नाही तर ते बसची घेतील. कोपऱ्यावरून आत जाणाऱ्या रस्त्यावर, थांब्यावरून दिसेल अशा ठिकाणी स्टँड द्या.

पायरी ५: आधी खांब, मग शेड

शेडचं टेंडर काढायच्या आधी तिथे नुसता खांब आणि पाटी लावा आणि महिनाभर चालवून बघा. जमलं तर त्यात पावसाचे काही दिवस येऊ द्या. कडेला पाणी साचत असेल तर चालक डबकं टाळून बस लांब उभी करतो, आणि तुमची सगळी मोजणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाहून जाते. पाण्याची जाळी आधी, थांबा नंतर.

या महिन्यात आगारात जाऊन चालक-वाहकांना विचारा. लेखी अभिप्राय मागू नका, कुणी देत नाही. शिफ्ट बदलताना चहाच्या टपरीवर उभं राहा.

पायरी ६: कागद

पथ विभाग, परिवहन आणि वाहतूक शाखा या तिघांची संयुक्त पाहणी एकाच दिवशी, जागेवर घ्या. वेगवेगळ्या पत्रांनी काम केलंत तर प्रत्येक जण थांबा दुसऱ्याच्या हद्दीत ढकलतो. पाहणीला जाताना खडूच्या खुणा आधीच करून ठेवा. आखलेल्या जागेवर वाद कमी होतो. टिपणीत 'पलीकडे' का किंवा 'अलीकडे' का, हे दोन ओळींत लिहा, म्हणजे पाच वर्षांनी पुढच्या माणसाला नुसती फुली मिळणार नाही.

नाव बदलू नका. थांबा साठ मीटर सरकला म्हणून त्याला नव्या दुकानाचं नाव दिलंत तर वाहकापासून प्रवाशापर्यंत सगळे गोंधळतात. जुनं नाव, खाली दिशा: 'स्वारगेटकडे', 'डेक्कनकडे'.

हलवण्याच्या आधी निदान पंधरा दिवस जुन्या खांबावर सूचना लावा, मोठ्या अक्षरात, नवी जागा कुठे ते बाणाने दाखवून. नवा खांब आणि जुना खांब यांची अदलाबदल एकाच रात्री करा. दोन्ही उभे असतील तर निम्मे लोक इथे, निम्मे तिथे आणि चालक मधे. पहिल्या दोन सकाळी तुमचा एक माणूस जुन्या जागी उभा असू द्या. आणि जुना खांब उपटल्यावर राहिलेला खड्डा त्याच रात्री काँक्रीटने बुजवून घ्या. त्यात पाय मुरगळलेल्याचं पत्र पुढच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर लागतं.